चिनी श्वासाभ्यास आणि आपले हृदय

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी आज मला येथे उभे केले आहे, त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. तो आधी दूर करते. गेले वर्षभर सकाळी मंडळाच्या अंगणात आम्ही सातआठ जणी गुडघे किंचित वाकवून, हात सावकाश वरखाली करीत उभ्या असतो. येणारेजाणारे क्षणभर थांबून पाहतात, मुले आमच्या नकला करतात. त्यावरून 'या बाईंनी चीनमधून रक्तदाबावर उपाय आणला आहे' अशी बोलवा उठली आहे. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने मला जिन्यात गाठले आणि विचारले, "तुमचा तो चिनी व्यायाम सुरू केला तर माझी गोळी कधी बंद होईल हो?" तो प्रश्न ऐकला आणि मनाशी म्हटले, आता बोललेच पाहिजे. कारण हाच प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तरही कोणाला न विचारता स्वतःच देऊन बसले होते. ती हकीकत पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. योगाभ्यासाचा अधिकारही मला नाही. एकतीस वर्षे शाळेत मुलींना शास्त्र हा विषय शिकवला, एवढीच माझी पुंजी. तेव्हा आज जे सांगणार आहे ते मास्तरणीच्या पद्धतीने सांगेन. मधे एक प्रयोगही करायला लावणार आहे. कंटाळू नका.

२०१८ साली मुलीच्या बाळंतपणासाठी मी शांघायला गेले. जावयांची नोकरी तेव्हा तिकडे होती. चार महिने राहिले. पहाटे उठण्याची सवय काही सुटत नाही. घर तर सगळे झोपलेले. म्हणून मी जवळच्या फूशिंग नावाच्या उद्यानात फिरायला जाऊ लागले. हे उद्यान जुने, फ्रेंच लोकांनी वसवलेले, १९०९ साली खुले झालेले. उंच झाडांच्या रांगा आणि त्यांच्याखाली सकाळपासून म्हाताऱ्या माणसांची ही गर्दी! कोणी जोडीजोडीने नाचते आहे, कोणी पत्त्यांचा डाव मांडला आहे, कोणी पाण्यात बुडवलेल्या मोठ्या कुंचल्याने फरशीवर अक्षरे काढते आहे. एका कोपऱ्यात दहाबारा बायका मात्र अगदी नि:शब्द उभ्या असत. हात पाण्यातून वर यावेत इतक्या सावकाश वर येत आणि तितक्याच सावकाश खाली जात.

त्यांच्या पुढे सत्तरीच्या एक बाई असत. वडीलधाऱ्या बाईला तिकडे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी, असे मुलीने मला शिकवून ठेवले होते. आपल्या 'आई'च्या इतक्या जवळचा शब्द परक्या मुलखात कानी पडला, तेव्हा मला फार बरे वाटले. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. शिकवणे झाले ते सगळे हातांनी. पहिल्याच दिवशी मी खांदे वर ओढून, छाती फुगवून, मोठ्या उत्साहाने श्वास घेतला. आयी हसल्या. त्यांनी माझे दोन्ही खांदे अलगद खाली दाबले आणि माझा उजवा तळहात माझ्याच बेंबीखाली ठेवून दिला. श्वास घेताना हा हात पुढे यावा, सोडताना मागे जावा, एवढाच पहिला धडा. तो धडा गिरवायला मला तीन आठवडे लागले.

या अभ्यासाला चिनी भाषेत चीगुंग म्हणतात. इंग्रजी अक्षरांवरून कोणी चीगाँग, कोणी किगाँग असेही वाचतात. 'ची' म्हणजे हवा, वाफ, श्वास आणि त्यावरून पुढे प्राणशक्ती. 'गुंग' म्हणजे कष्टाने, सरावाने कमावलेले कसब. 'ची'चे जुने चिनी अक्षर मला आयींच्या नातवाने कागदावर काढून दाखवले. त्यात खाली तांदळाचे चिन्ह आणि वर वाफेचे. भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढले की जी वाफ दिसते, तीच ही 'ची'. आपल्या बायकांना यापेक्षा सोपा अर्थ कोण सांगणार?

परंपरा मोठी जुनी आहे. हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वे येथे १९७३ साली एक प्राचीन थडगे उकरले, तेव्हा त्यात एक रेशमी चित्रपट सापडला. ते थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेले. त्या रेशमावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती रंगवलेल्या आहेत. कोणी वाकले आहे, कोणी हात पसरले आहेत. आणि सांगायला आनंद वाटतो की, त्यांत पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियाही आहेत. पुढे हुआ तुओ नावाच्या प्रसिद्ध वैद्याने वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या चालीवरून पाच खेळ बसवले, असे सांगतात. आम्ही अंगणात जो प्रकार करतो त्याचे नाव बादुआनजिन, म्हणजे किनखापाचे आठ तुकडे. आठ हालचाली, प्रत्येक रेशमासारखी मऊ आणि सलग. एकीचे नाव दोन्ही हातांनी आभाळ पेलणे, दुसरीचे डावीउजवीकडे धनुष्य ओढणे. शेवटची म्हणजे टाचा उचलून सात वेळा हलकेच टेकवणे.

'चीगुंग' हे नाव मात्र आज ज्या अर्थाने चालते त्या अर्थाने फार जुने नाही. १९४९ च्या सुमारास उत्तर चीनमध्ये लिऊ ग्वेइचन नावाच्या कार्यकर्त्याने ते रूढ केले. त्याला पोटाच्या व्रणाचा जुना विकार होता. गावाकडच्या एका नातलगाकडून शिकलेल्या श्वासाभ्यासाने त्याला गुण आला. पुढे १९५० नंतरच्या दशकात तांगशान आणि बेइदाइहे येथे या अभ्यासाची आरोग्यधामे निघाली. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली. मग १९८० च्या दशकात नेमके उलटे झाले. सबंध देशात चीगुंगची लाट आली आणि तिच्यावर स्वार होऊन अनेक गुरू पुढे आले. अंगातून 'ची' बाहेर सोडून आपण दुरूनही रोग बरे करतो, असे त्यांतले काही सांगू लागले. त्यांच्या दाव्यांवर चीनमधल्याच शास्त्रज्ञांनी कडक टीका केली. शेवटी २००३ च्या सुमारास सरकारच्या क्रीडाखात्याने जुन्या प्रकारांतून चार निवडून त्यांची प्रमाण रूपे प्रसिद्ध केली. बादुआनजिन हे त्यांपैकी एक.

इतिहास एवढ्यासाठी सांगितला की, या एकाच नावाखाली खरे कसबही आहे आणि भाबडेपणाही आहे. दोन्ही वेगळे कसे करायचे? मला वाटते, आपल्या हाताच्या बोटांपासून सुरुवात करावी.

आता प्रयोग करू या. सगळ्यांनी डावा हात मांडीवर उताणा ठेवा. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बुडाशी ठेवा. दाबू नका. नाडी लागली? आता नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात पाचपर्यंत मोजा. थांबू नका. आता सोडा, पुन्हा पाच. पुन्हा घ्या. असे सहासात वेळा करा आणि लक्ष फक्त बोटांकडे ठेवा.

काय जाणवले? बऱ्याच जणी माना डोलावीत आहेत. श्वास घेताना ठोके जरा जवळजवळ येतात, सोडताना लांब लांब पडतात. हे आजाराचे लक्षण नव्हे, निरोगी हृदयाचे आहे. कार्ल लुडविग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली यंत्राने याची रेघ काढून दाखवली. तरुण मुलींना हा फरक ठळक कळेल. वय वाढते तसा तो कमी होतो, जुन्या मधुमेहातही कमी होतो. तेव्हा ज्यांना जाणवला नाही त्यांनी घाबरून जाऊ नये.

असे का होते? हृदयात स्वतःचे एक घड्याळ असते. त्याच्याशी जोडलेल्या मज्जातंतूंचा अंमल काढून घेतला तर ते मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. परंतु मेंदूकडून निघून गळ्यातून खाली येणारा व्हेगस नावाचा एक मज्जातंतू त्याला सारखा आवरून धरतो; म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके साठसत्तर, फार तर ऐंशी असतात. सायकलचा ब्रेक हलका दाबून उतारावरून जावे तसे हे आहे. श्वास घेताना तो ब्रेक थोडा सैल होतो आणि हृदय वेग घेते. सोडताना तो पुन्हा लागतो आणि हृदय मंदावते. म्हणजे हृदयाला थेट हुकूम देणे आपल्या हाती नाही. पण श्वास मात्र आपल्या ताब्यात आहे, आणि श्वासाच्या वाटेने त्या ब्रेकपर्यंत आपला हात पोचतो. चीगुंगमध्ये सोडण्याच्या श्वासावर एवढा भर का, हे यावरून कळेल.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत दाब ओळखणारी केंद्रे असतात. दाब चढला की ती मेंदूला खबर देतात, मेंदू हृदयाला मंद करतो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि दाब उतरतो. उतरला की पुन्हा उलट खबर. ही ये-जा अखंड चालू असते आणि तिच्या एका फेरीला साधारण दहा सेकंद लागतात. आता तुम्ही पाच आकडे घेताना आणि पाच सोडताना मोजलेत, म्हणजे तुमचाही श्वास दहा सेकंदांचा झाला. दोन लयी जुळल्या. नागपंचमीचा झोका आठवा. वेळी-अवेळी ढकलला तर तो अडखळतो. मागे येऊन परतण्याच्या नेमक्या क्षणी बोटाने जरी ढकलला तरी आभाळाला भिडतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास असले की हृदयाचा झोका असाच मोठा होतो.

१९९९ साली अमेरिकेत बोस्टन येथील सी. के. पेंग, एरी गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी आठ तरुण माणसांच्या अंगाला हृदयाची नोंद ठेवणारे छोटे यंत्र बांधले. पाच स्त्रिया, तीन पुरुष. वये २६ ते ३५. ही मंडळी चिनी पद्धतीचे 'ची'चे ध्यान शिकत होती, आणि बहुतेकांना शिकून एक ते तीन महिनेच झाले होते. यंत्र सुमारे दहा तास अंगावर होते आणि त्यांतला एक तास ध्यानाचा. त्या तासात त्यांनी शांत बसून, पोटात एक सुंदर कमळ उमलते आहे आणि मिटते आहे, असे मनाने पाहायचे. श्वास मोजायला कोणी सांगितले नव्हते. जोडीला आपल्याकडच्या कुंडलिनी योगाचा अभ्यास असलेली आणखी चार माणसे होती.

काय आढळावे? आपण समजतो की, ध्यानात हृदय अगदी संथ, एकसुरी होत असेल. आलेखात दिसले ते निराळेच. श्वास मंदावला तशा हृदयाच्या गतीत मोठमोठ्या, नियमित लाटा उठल्या. ध्यानाला बसण्यापूर्वीच्यापेक्षा त्या मोठ्या होत्याच. पण अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या हृदयात झोपेत ज्या लाटा दिसतात त्यांच्याहूनही मोठ्या होत्या. ध्यान म्हणजे शरीराने नुसते गप्प पडून राहणे नव्हे, ती एक जिवंत हालचाल आहे, असे त्या संशोधकांना म्हणावे लागले. माणसे थोडी होती हे खरे. एवढ्यावरून कोणता रोग बरा होतो असे त्यांनी म्हटलेले नाही, आपणही म्हणू नये. मला त्यात मौज वाटली ती त्या कमळाची. आकडे न मोजता, नुसत्या कमळाच्या उमलण्या-मिटण्याने श्वास आपोआप लांबला.

ही काही चिनी लोकांचीच मिरास आहे असेही नाही. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक तिबेटी मंत्र लोकांना म्हणायला लावला. दोहोंनी श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि हृदयाच्या लाटा वाढल्या. ज्यांनी घरात आजीला माळ ओढताना पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता फुप्फुसांकडे वळू. कमी श्वास घेतले तर हवा कमी पडणार नाही का, असे मला नेहमी विचारतात. थोडे गणित करू. आपण एरवी मिनिटाला पंधरा श्वास घेतो असे धरा आणि प्रत्येक श्वासात अर्धा लिटर हवा. झाली साडेसात लिटर. पण प्रत्येक वेळी सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे वाटीभर हवा, नाकाघशाच्या आणि श्वासनलिकेच्या वाटेतच राहते. ती रक्तापर्यंत पोचत नाही. पंधरा श्वासांत ही वाया गेलेली हवा सव्वादोन लिटर. कामाची उरली सव्वापाच. आता सहाच श्वास घ्या, पण एकेक लिटरचे. झाली सहा लिटर; वाया गेली ती सहा वाट्या, म्हणजे ९०० मिलिलिटर. कामाची उरली पाच लिटर आणि वर १००. बघा, अडीचपटीने कमी श्वास घेऊनही पदरात जवळजवळ तेवढेच पडले. पाण्याला लहान तांब्या घेऊन पंधरा खेपा कराव्यात की कळशी घेऊन सहा, एवढाच हा प्रश्न.

मोठा श्वास घ्यायचा म्हणजे छाती ताणायची नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. तो खाली उतरला की फुप्फुसांचा तळ भरतो आणि पोट पुढे येते. आयींनी माझा हात बेंबीखाली ठेवला तो याचसाठी. श्वासपटल खाली उतरताना पोटातल्या रक्तालाही हृदयाकडे जायला मदत होते. आणि टाचा उचलून टेकवताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतले रक्त वर ढकलतात. दिवसभर ओट्याशी उभे राहून ज्यांचे पाय भरून येतात त्यांना हे ताबडतोब जाणवेल.

दम लागणाऱ्या माणसांसाठी चिनी परंपरेत आणखी एक प्रकार आहे. त्याचे नाव सहा अक्षरांचा श्वास. श्वास सोडताना तोंडाने 'शू', 'हू' असे सहा निरनिराळे आवाज अगदी हळू काढायचे. आवाज काढला की ओठ आपोआप आवळतात, हवा हळूहळू बाहेर पडते आणि आतल्या बारीक श्वासनळ्या मध्येच मिटत नाहीत. जुनाट दम्यासारख्या विकारात आजचे डॉक्टरही ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवतात, ते याच कारणाने. पण दम्याचा पंप जवळ ठेवूनच हे करावे.

आता माझी हकीकत. मला रक्तदाब आहे, बारा वर्षांपासून. रोज एक गोळी. शांघायहून परतले ती अगदी हलकी होऊन. झोप चांगली लागू लागली, जिना चढताना दम लागेना. जावयांनी दाब मोजण्याचे यंत्र भेट दिले होते. सकाळी अर्धा तास अभ्यास करावा, लगेच यंत्र लावावे, आणि आकडा पाहून खूश व्हावे. १२८ वर ८०, १२६ वर ७८. महिनाभर असे पाहिले आणि दिवाळीनंतर मी गोळी बंद केली. घरात कोणाला सांगितले नाही. डॉक्टरांना तर नाहीच. चांगले तीन महिने मी स्वतःला बरी समजत होते.

माघात एका नात्यातल्या लग्नाला गेले होते. पंगत वाढता वाढता डोके जड झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मी खांबाला धरून खाली बसले. जवळच्या दवाखान्यात नेले तेव्हा आकडा होता १८४ वर १०६. दैव बलवत्तर म्हणून तेवढ्यावर निभावले; अर्धांगाचा झटकाही आला असता. आमच्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, तुम्ही यंत्र केव्हा लावीत होता?"

मैत्रिणींनो, एकतीस वर्षे मी मुलींना सांगत आले की, प्रयोगाची नोंद योग्य वेळी घ्यावी. आणि स्वतः काय केले? दाब जेव्हा सर्वांत खाली असतो नेमक्या त्याच वेळी, अभ्यास संपल्या संपल्या, रोज मोजत राहिले. उरलेल्या साडेतेवीस तासांचे मी काही पाहिलेच नाही. २००५ साली इटलीतच उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. तो चीगुंगचा नव्हे, नुसत्या मंद श्वासाचा. मिनिटाला सहा श्वास घेत असताना त्यांचा वरचा दाब सुमारे १५० वरून १४१ वर आला. दाब ओळखणारी केंद्रेही अधिक चलाख झाली. ही घट खरी आहे, माझ्या यंत्रावरची घटही खरी होती. पण ती होती श्वास घेत असतानाची. दिवसभर घरची कामे, चिंता, मीठ, जागरण यांच्यामध्ये ती किती टिकते हा वेगळा प्रश्न आहे. चीनमध्ये आणि इतरत्र झालेल्या अनेक लहानमोठ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर असे दिसते की, महिनोन् महिने नियमाने केल्यास चीगुंगने दाब काही अंशी उतरतो. परंतु त्या चाचण्यांपैकी पुष्कळशा कच्च्या आहेत आणि औषधाची जागा हा अभ्यास घेतो असे त्यांवरून म्हणता येत नाही.

माझी आणखी एक चूक झाली होती. घरी परतल्यावर मी आपल्या मनाने त्यात भर घातली. श्वास घेऊन तो दाबून धरायचा, जितका जास्त वेळ तितके पुण्य जास्त, अशी माझी समजूत. श्वास कोंडून छातीपोटावर जोर दिला की रक्तदाब आधी एकदम उसळतो आणि मग घसरतो. निरोगी तरुणाला ते सोसते. रक्तदाब असलेल्या साठीच्या बाईने ते करू नये. आयींनी मला कधीच श्वास कोंडायला लावले नव्हते. त्यांचे हात थांबतच नसत; वर पोचले की खाली येऊ लागत. मी ते डोळ्यांनी पाहिले होते, पण समजून घेतले नव्हते.

आज माझी गोळी चालू आहे. दुसरी वाढवावी लागलेली नाही, एवढे खरे. दाब मी सकाळी उठल्यावर, अभ्यासाच्या आधी मोजते आणि संध्याकाळी पुन्हा. दोन्ही आकडे वहीत लिहिते आणि ती वही दर दोन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवते. अभ्यास सोडलेला नाही. डॉक्टरांनीच सांगितले, "तो सोडू नका आणि गोळीही सोडू नका."

मग गोळी सुटत नसेल तर उपयोग काय, असे कोणी म्हणेल. माझ्यापुरते सांगते. सून रागावून काही बोलली, नातवंडांनी घर डोक्यावर घेतले, मध्यरात्री फोन वाजला, तर पूर्वी माझी छाती तासभर धडधडत राही. आता मी हात बेंबीखाली ठेवते आणि सोडण्याचा श्वास लांबवते. पाचसहा श्वासांत ठोके आपल्या जागी येतात. हे जादूने होत नाही. तो ब्रेक कुठे आहे हे मला आता ठाऊक झाले आहे, एवढेच.

ज्यांना आमच्यात यायचे आहे त्यांनी जरूर यावे. दोनचार गोष्टी ध्यानात ठेवा. पोट भरलेले नसावे. श्वास कोंडायचा नाही. आकडे मोजताना गुदमरल्यासारखे वाटले तर पाचाऐवजी तीनच मोजा. चक्कर येणाऱ्यांनी खुर्चीवर बसून करावे, तेवढ्यानेही श्वासाचे काम होते. गुडघे दुखणाऱ्यांनी वाकवू नयेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी टाचा आपटू नयेत, अलगद टेकवाव्यात. छातीत दुखले, घाम सुटला, तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे; श्वासाने बरे वाटेल म्हणून वाट पाहत बसू नये.

आणि जिन्यातल्या माझ्या मैत्रिणीला, ती येथेच बसली आहे, तिचे नाव घेत नाही, माझे सांगणे आहे. बाई, तू ये. पण येताना सकाळची गोळी घेऊन ये. तुझ्याप्रमाणे आणखी कोणी परस्पर गोळी थांबवली असेल तर माझ्याजवळ कबूल करायला नको. उद्या सकाळी आपल्या डॉक्टरांकडे जा, वाटल्यास मी बरोबर येते. मला खांबाचा आधार मिळाला. प्रत्येकीच्या जवळ खांब असेलच असे नाही.

  उद्या सकाळी सव्वासहाला अंगणात भेटू.